वसंत पंचमी ते होळी : परसबागेचे चाळीस दिवस

पहाटे अंगणात उभं राहायला शाल लागते आणि अकराच्या उन्हात तीच खांद्यावर नकोशी होते, असे दिवस नाशिकला वर्षातून चाळीसच मिळतात. वसंत पंचमीच्या आसपास ते सुरू होतात आणि होळी पेटली की संपतात. उन्हाळ्यात घरची भाजी ताटात येणार की नाही, ते याच दिवसांत ठरतं. बी घाईनं टाकलं तर गारठ्यात कुजतं. उशीर केला तर मुळं खोल उतरायच्या आत मार्चअखेरचं ऊन रोपाला गाठतं, आणि मग कितीही पाणी घाला, वेल दुपारी मान टाकतोच.

मखमलाबाद रस्त्याला आमच्या घरामागे दीड गुंठा जागा आहे. काळी माती, हात-दीड हातावर मुरूम. बावीस वर्षं मी तिथे भाजीपाला आणि घरगुती औषधाची झाडं लावते आहे. पहिली दहा सासूबाईंच्या हाताखाली, पुढची माझी मी. खाली जे सांगते आहे ते नाशिक, दिंडोरी, सिन्नर या बाजूसाठी आहे. कोकणात हे वेळापत्रक चालणार नाही, कारण आपली थंडी वेगळी. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आपण हिवाळ्यात वाचतो ना, तोच गारठा आपल्या वाफ्यातल्या मातीतही मुरलेला असतो. हवा तापली म्हणून माती लगेच तापत नाही.

आधी मातीला हात लावा

नुसत्या तिथीवर विसंबू नका. वसंत पंचमी २०२४ साली १४ फेब्रुवारीला होती, २०२५ साली २ फेब्रुवारीला आणि २०२६ साली २३ जानेवारीला. तीन आठवड्यांचा फरक! मातीला पंचांग कळत नाही. म्हणून सकाळी सातच्या सुमारास वाफ्यात चार बोटं खोल हात घाला आणि शंभर आकडे मोजा. हात बधिरल्यासारखा झाला तर पेरणी लांबवा. माती गार लागते पण बोचत नाही, असं ओळीनं तीन सकाळी वाटलं, की काकडी, दोडका, गिलकं, दुधी यांची बी टाकायला हरकत नाही. भेंडी आणि गवार यांना त्याहून ऊब लागते, त्यांना आणखी आठवडाभर थांबवा.

हे मी नुकसान सोसून शिकले. एका वर्षी संक्रांतीच्या सुमाराला आभाळ आलं, रात्री उबदार झाल्या, आणि मला वाटलं थंडी गेली. भेंडीच्या चाळीस बिया टोकल्या. चार दिवसांनी आभाळ निवळलं आणि असा कडाका पडला की सकाळी झारीतलं पाणी हाताला चटका लावत होतं. चाळिसातल्या सहा उगवल्या. बाकीच्या उकरून पाहिल्या तर बोटांत धरताच पिचकत होत्या, आत नुसता आंबूस लगदा. जानेवारीतली उबदार रात्र ही बहुतेक वेळा ढगांची असते, ऋतू बदलल्याची नसते.

हिवाळ्याला निरोप देताना

नवं लावायचं तर जुन्यानं जागा सोडायला हवी, पण सगळं एकदम उपटू नका. मटाराचे वेल पिवळे पडले की विळ्यानं जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. त्या मुळांवर गाठी असतात, त्यांतलं नत्र मुळं कुजली की पुढच्या पिकाला मिळतं. कोबी-फ्लॉवरचे बुंधे मात्र मुळासकट काढा, ते लवकर कुजत नाहीत आणि आत किडी दडून राहतात.

मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांची सगळ्यांत निकोप दोन-तीन झाडं बियाण्यासाठी राखा. आपला हात नेमका चांगल्या झाडाकडेच जातो, म्हणून मी त्यांना जानेवारीतच लाल सुतळी बांधून ठेवते. घरात सगळ्यांना माहीत आहे, लाल सुतळीचं झाड खुडायचं नाही. मुळ्याला फुलं येऊन डिंगऱ्या धरतात. कोवळ्या आहेत तोवर थोड्या भाजीला घ्या, बाकीच्या झाडावरच वाळू द्या.

हळदीची पानं या दिवसांत वाळून आडवी होतात, तेव्हा कंद काढून घ्या. त्यांतले जाड, डोळे फुगलेले गड्डे वेगळे काढून सावलीत कोरड्या मातीत पुरून ठेवा. ते अक्षय्य तृतीयेला लावायचे आहेत.

वाफसा

जमीन कधी खणायची, यावर निम्मं काम अवलंबून आहे. काळी माती ओली असताना खणली तर तिची ढेकळं होतात, आणि ती ढेकळं उन्हात विटेसारखी कडक होतात. अगदी कोरडी असताना कुदळ आत जात नाही. या दोहोंच्या मधली जी स्थिती, तो वाफसा.

ओळखायचा कसा? वीतभर खोलीवरची माती मुठीत घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. लाडू फुटून भुगा झाला की वाफसा आला. चपटा होऊन बसला तर दोन दिवस थांबा. लाडू वळलाच नाही तर त्याच संध्याकाळी हलकं पाणी देऊन तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. सासूबाई खुरप्यावरून सांगायच्या. खुरपं मातीत खुपसून बाहेर काढलं आणि पात्याला माती चिकटून आली तर त्या म्हणत, "अजून नाही, जमीन सोडत नाही." पातं स्वच्छ बाहेर आलं की पदर खोचायचा.

खणताना हराळीची आणि लव्हाळ्याची गाठ हाताला लागेल. ती वेचूनच काढा. कुदळीनं तुकडे झाले तर प्रत्येक तुकड्याचं नवं झाड होतं. मी एका हातात घमेलं घेऊनच बसते, आणि त्यातलं काहीही खताच्या खड्ड्यात टाकत नाही. गच्चीवर पत्र्यावर पसरून आधी खडखडीत वाळवते.

दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्याला मी दोन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड घालते. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतलं तर चहापत्तीसारखं सुटं पडावं, वास पावसाच्या पहिल्या सरीसारखा यावा. एकदा मी एका गोठ्यावरून ट्रॉलीभर खत आणलं, विकणाऱ्यानं वर्षभराचं म्हणून दिलं. वरचा थर खरंच चांगला होता, आत हात घातला असता तर ते गरम लागलं असतं. मी घातला नाही. पंधरा दिवसांत मिरचीची रोपं कडेनं करपली आणि जूनमध्ये त्याच वाफ्यात हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या. तेव्हापासून ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बघितल्याशिवाय मी खत घेत नाही. तुम्हीही घेऊ नका, समोरचा कितीही ओळखीचा असो.

राख मात्र मातीत ओतू नका. चुलीची असो, होळीची असो, राखेनं मातीचा चुनखडीपणा वाढतो आणि आपली काळी माती मुळातच त्या बाजूला झुकलेली आहे. राखेचं खरं काम पुढे आहे.

बी टोकणं

वेलभाज्यांना वाफा लागत नाही, आळं लागतं. दीड फूट रुंद, एक फूट खोल खड्डा, निघालेल्या मातीत निम्मं शेणखत मिसळून पुन्हा भरायचं. कडा उंच, मध्य किंचित खोल. एका आळ्यात तीन बिया, बोटाच्या एका पेराइतक्या खोल, एकमेकींपासून चार बोटांवर. उगवल्यावर दोन ठेवा. तिसरं रोप उपटू नका, कात्रीनं कापा, म्हणजे शेजारच्यांची मुळं हलत नाहीत.

भेंडी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी टोका. कारल्याच्या बीचं टरफल टणक; ते एक दिवस भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि स्वयंपाकघरात उबेला ठेवा. माझी पुरचुंडी पिठाच्या डब्यामागे असते. चार-पाच दिवसांत पांढरा कोंब डोकावला की लगेच मातीत. कोंब लांबू दिला तर लावताना मोडतो.

वाण कोणते? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या हवेत चांगले येतात : काकडीत हिमांगी आणि फुले शुभांगी, कारल्यात फुले ग्रीन गोल्ड आणि हिरकणी, दोडक्यात फुले सुचेता, दुधीत सम्राट. भेंडीत मी परभणी क्रांती सोडून दुसरी लावत नाही, कारण पानं पिवळी करणाऱ्या केवडा रोगापुढे ती टिकते. गवारीत पुसा नवबहार. ही सगळी सरळ वाणं आहेत, म्हणजे पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता येतं. फक्त एकाच भाजीचे दोन वाण शेजारीशेजारी लावू नका, मधमाश्या परागकण मिसळतात. गावठी गिलक्याचं बी मला गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मिळालं होतं आणि आजवर तेच चालू आहे. त्या गिलक्याची भजी करताना पीठ कमी लागतं, इतका त्याचा गर दाट.

मांडवाला द्राक्षबागेतली जुनी तार आणि बांबू उत्तम. ओळखीच्या बागायतदाराला विचारून ठेवा. मांडव बी टोकण्याच्या आधी उभा करायचा. नंतर खड्डे खणाल तर मुळं तुटतील.

मिरचीचं रोप

मिरची-वांग्याचं बी जानेवारीतच ट्रेमध्ये टाकून खिडकीत ठेवावं लागतं. राहिलं असेल तर रोपवाटिकेतून रोपं आणा, त्यात कमीपणा नाही. मात्र उंच, लुसलुशीत, फूल आलेलं रोप घेऊ नका. वीतभर उंचीचं, जाड देठाचं आणि सहा-सात पानांचं बघा.

घरी आणलं की चार दिवस अंगणात ठेवा. पहिल्या दिवशी दोन तास ऊन, मग वाढवत न्यायचं, पाणी थोडं कमी. लावायची वेळ संध्याकाळी पाचनंतरची. वाफा दुपारीच भिजवून ठेवा. ट्रेचा तळ बोटानं वर दाबा, रोप मातीच्या गोळ्यासकट सुटतं. देठाला धरून ओढायचं नाही. धरायचंच तर पानाला धरा, पान गेलं तर दुसरं येतं. दीड फुटावर एक, ट्रेमध्ये जितकं खोल होतं तितकंच खोल. चार बोटांनी भोवतीची माती दाबा आणि हळूच एक पान ओढून बघा : पान तुटायला आलं तरी रोप हललं नाही, तर नीट बसलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्राची शंकूसारखी टोपी करून सकाळी दहा ते चार प्रत्येक रोपावर ठेवा, कडेला खडा. तीन दिवस पुरे. वीस रोपांच्या वीस टोप्या ओळीनं उभ्या असल्या की शेजारची मुलं कुंपणापाशी येऊन मोजतात. मी त्यांनाच टोप्या काढायच्या कामाला लावते.

औषधी आणि वासाची झाडं

कढीपत्ता थंडीत पानं गाळतो आणि लोक घाबरून त्याला खतं घालत बसतात. त्याला फक्त कात्री हवी. फेब्रुवारीत शेंड्याकडचा एक तृतीयांश भाग छाटा, कापाखाली दोन-तीन फांद्या फुटतात. बुंध्याजवळचे धुमारे काढून टाका.

तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या काढा, बी कुंडीतच चुरगाळून टाका. ऊब वाढली की पिल्लं उगवतात. काळपट झालेल्या काड्या हिरवा भाग दिसेपर्यंत कापा. गवती चहाची वाळकी पानं वीतभर ठेवून कापायची आणि ठोंब फार दाटला असेल तर कुदळीनं दोन भाग करायचे. पानं कडेनं कापतात, हातात मोजा घाला. ओव्याच्या पानाची वीतभर काडी मातीत खोचली की झालं.

पुदिना थोडा सांभाळावा लागतो. हिवाळ्यात तो जमिनीलगत धावतो, त्या धावत्या काड्यांना पेरापेराशी मुळं असतात. बोटभर तुकडे करून उथळ, रुंद कुंडीत आडवे पुरा आणि कुंडी पूर्वेकडे ठेवा, जिथे दहानंतर सावली येते. जमिनीत लावलात तर तो शेजारच्या वाफ्यात शिरणारच.

कोथिंबिरीचा एक शेवटचा हप्ता आत्ता टाका. धणे पोळपाटावर लाटण्यानं हलके रगडून दोन दोन डाळी करा, बारा तास भिजवा, आणि जिथे महिन्याभरानं मांडवाची सावली पडणार आहे तिथेच पेरा. उघड्यावर ती मार्चमध्ये चार पानं देऊन फुलावर जाते.

पाणी आणि आच्छादन

सकाळी पाणी द्या, एक दिवसाआड, पण खोल जाईल असं. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच रेंगाळतात आणि एप्रिलमध्ये तीच भाजतात. मी प्रत्येक आळ्याच्या मधोमध कुंभाराकडचं साधं, न रंगवलेलं चार-पाच लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरते. तोंडावर झाकण, नाहीतर डास होतात. मडकं पाझरतं आणि मुळं त्याला बिलगतात. दोन-तीन दिवसांनी भरलं की पुरतं. कुंड्यांसाठी संक्रांतीची सुगडी वापरा. पूजा झाल्यावर ती माळ्यावर पडून असतात; रंग घासून काढायचा आणि गळ्यापर्यंत पुरायची. दोन दिवस गावाला गेलात तरी पुदिना टिकतो.

या दिवसांत झाडांची पानगळ चालू असते. झाडून जाळू नका. तो पाचोळा चार बोटं जाड थरानं वाफ्यावर पसरा, देठापासून थोडा लांब. मात्र रोप वीतभर वाढल्यावरच, कारण त्याआधी जमिनीला ऊन लागायला हवं.

लाल भुंगेरे

वेलाला पहिली दोन पानं येताच नारिंगी-लाल, चकचकीत भुंगेरे येतात आणि पानाची चाळण करतात. दुपारी पकडायला जाल तर उडून जातील. सकाळी साडेसहाला जा, गारव्यामुळे ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्याची वाटी पानाखाली धरून पान टिचकीनं हलवा, ते आपोआप आत पडतात. मग दंव असतानाच राखेची पुरचुंडी पानांवर झटका. ती ओल्या पानाला चिकटून बसते. राख चाळून, पूर्ण गार झालेली घ्या. चार पानं फुटून वेल तारेला लागला की भुंगेऱ्यांचा जोर त्याला फारसा बाधत नाही, म्हणून हे दहा-पंधरा दिवसच चिकाटीनं करायचं.

मावा किंवा पांढरी माशी दिसली तर पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून दोनदा गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा टाका आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारा. किडी खालीच असतात.

संध्याकाळची फुलं

वेल मांडवावर चढले आणि फुलं आली, तरी दुधीची बारकी फळं पिवळी पडून गळतात, अशी तक्रार मला सगळ्यांत जास्त ऐकू येते. काकडी, कारलं, गिलकं सकाळी फुलतात, त्यांच्याकडे मधमाश्या येतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, आणि वस्तीत त्या वेळी फुलांवर येणारे पतंग कमी. मग ते काम आपण करायचं.

दिवेलागणीला बागेत जा. दुधीची पांढरी फुलं अंधारातही दिसतात. नुसत्या लांब देठावरचं ते नराचं, आणि देठाच्या टोकाला लवदार, बोटभर दुधी असलेलं ते मादीचं. नराचं फूल खुडा, पाकळ्या मागे ओढून काढा, आतला पिवळा दांडा मादीच्या फुलाच्या मध्यावर अलगद फिरवा. बोटाला पिवळी धूळ लागते, तीच तिथे लागली पाहिजे. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. आजच फुललेलीच फुलं घ्या, कालची चालत नाहीत. तीन-चार दिवसांनी बघा : देठ खाली वळला आणि फळ तकतकीत दिसू लागलं, की धरलं.

फेब्रुवारीच्या मध्याला टोकलेली भेंडी पाडव्याच्या आसपास तोडायला येते. पहिल्या तोडीपासून एक दिवसाआड तोडा, जून होऊ दिली तर झाड पुढची फुलं धरत नाही. आणि होळी आली तरी काहीच पेरून झालं नसेल, तर काकडी-दुधीच्या मागे न लागता गवार आणि चवळी टोका. ऊन त्यांना सोसतं. बाकीचं बी चांगलं वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात बंद करा आणि मृगाच्या पावसाला बाहेर काढा.